पांढरं तासायचं नाही

मी, रुंगथिवा इन्ताचाक, वय शेहेचाळीस, राहणार लाम्फून, चियांग माईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात बावीस वर्षं शरीररचना विभागाची तंत्रज्ञ, हे कोणाच्या धाकानं वा भिडेनं लिहीत नाही. भिडेनं जे करायचं ते करून झालं आहे. कर्करोगानं पोट खाल्लं, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. याआधी काही लिहिलं असेल तर ते रद्द.

१. लाकडी घर आणि लमयाईची, लिचीसारख्या फळाची, तीन झाडं माझी पुतणी दाराराट हिला. पहिला घोस देवळात द्यावा, मग शेजाऱ्यांना. घर आधी माझा थोरला भाऊ मोन्त्री याला द्यायचं होतं. ते का बदललं हे कलम ४ मध्ये.

२. माझा सूक्ष्मदर्शक, कुंचले आणि सतरा वह्या माझी मदतनीस नोक हिला. नोक, सहावी वही आधी उघड.

मेंदूची करडी साल आणि तिच्याखालचं पांढरं, इतकं सगळ्यांना माहीत असतं. पांढऱ्यात नुसत्या तारा, असं शिकवतात. पण त्यात विखुरलेल्या पेशी आहेत. साल त्यांच्याशी बोलते का, हा माझा प्रश्न होता. मेंदूच्या एका न तासलेल्या ठोकळ्याच्या सालीत मी गुलाबी रंगाचा कण ठेवला आणि रंग तारांवरून पसरेपर्यंत आठ महिने थांबले. सालीतून निघालेला एक गुलाबी धागा पांढऱ्यात उतरला आणि तिथल्या एका पेशीच्या अंगाला जाऊन टेकला. त्याचं चित्र त्या वहीत आहे. एका ठोकळ्यावरून सिद्ध काही होत नाही, हे मलाही कळतं. म्हणून तर आणखी ठोकळे हवे होते.

३. प्राध्यापक वोरावित यांना माझं तासायचं पातं. धार लावलेली नाही.

ठोकळा तपासणीच्या जाळीच्या डबीत बसला पाहिजे, म्हणून खालचं पांढरं तासून बादलीत टाकायचं, हा त्यांचा हुकूम. मी चित्र दाखवलं तेव्हा ते हसले. "रुंग, त्या पेशी म्हणजे बाळपणातलं उरलंसुरलं. मरायच्या राहून गेलेल्या. त्यांच्याशी कोण बोलणार?"

"सर, तासलं नाही तर कळेल."

"तू डब्या भर. विचार करायला आम्ही आहोत."

पुढे त्यांनी छापलं की असे जोड आढळले नाहीत. कसे आढळतील? बादलीत कोणी पाहिलं होतं? सर, मरायचं राहून गेलेलं माणूस काय काय बोलू शकतं ते आता वाचा.

पण पातं माझ्याच हातात होतं. अकरा वर्षं. देहदान केलेल्यांना आम्ही थोर गुरू म्हणतो, वर्गाच्या पहिल्या दिवशी त्यांच्या पायांशी मोगऱ्याचे हार ठेवतो. पा खामनोई, बाजारात चिकट भात विकणाऱ्या मावशी, दानाचा कागद भरताना मला म्हणाल्या होत्या, "पोरी, मी पानाला चिकटलेलं शीतही टाकत नाही. तुम्ही माझं काही टाकणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही, पा." दोन वर्षांनी त्या आल्या. सकाळी मी त्यांना हार घातला आणि दुपारी त्यांचं पांढरं बादलीत टाकलं. याबद्दल वोरावित यांच्यावर माझा जितका राग आहे, त्याहून जास्त स्वतःवर आहे.

४. माझा मेंदू विभागाला, एका अटीवर. कापायचा नोकनं. साल आणि पांढरं एकत्र राहील असे मोठे ठोकळे करायचे. डबीत बसत नसतील तर डबी बदलायची. जोड दिसले नाहीत तर तसंही छापावं, पण बघून. अट मोडली तर दान रद्द. विभागप्रमुखांनी ही अट लेखी मान्य केली आहे.

मोन्त्रीनं हे ऐकलं तेव्हा तो जेवणावरून उठला. "अर्धवट देह जाळला तर पुढच्या जन्मी बिनडोक जन्माला येशील!"

"पी मोन, दादा, या जन्मी डोकं असून काय दिवे लावले?"

तीन आठवडे तो फिरकला नाही. मग काल आला तो झाकणाचं मातीचं मडकं घेऊनच. म्हणाला, "काप म्हणावं त्या पोरीला. पण एकूण एक तुकडा मला परत पाहिजे. चुरासुद्धा. मी त्या टेबलापाशी बसणार. कोणी काही टाकलं तर बघून घेईन."

अकरा वर्षं मला जे ठणकावून सांगता आलं नाही, ते हा लमयाईचा बागायतदार पुढच्या जन्माच्या भीतीनं सांगून गेला.

घरच्यांचा विरोध होता असं उद्या कोणी म्हणू नये, म्हणून साक्षीची सहीही तोच करतो आहे. साक्षीदाराला वारसा मिळत नाही, हे मी त्याला सांगितलं. "घर ठेव तुझ्यापाशी," म्हणाला. "पेन दे."

तपासणी संपली की मडक्यातलं सगळं माझ्या देहासोबत जाळावं. ते होईपर्यंत देह थांबेल. बादली खोलीबाहेर ठेवावी.

लाम्फून, ११ सप्टेंबर, बौद्ध संवत २५६७
सही: रुंगथिवा इन्ताचाक

साक्षीदार:
१. मोन्त्री इन्ताचाक, थोरला भाऊ. (वाचून सही केली. मडकं माझ्याकडे आहे.)
२. सोमस्री केओमा, परिचारिका