निळी वही आणि वेगवान पाय

शनिवार, १५ नोव्हेंबर, लेस्टर

किळस आलीय. अध्यक्षांची, आणि त्याहून जास्त माझी.

आज क्लबमध्ये कोचचा सत्कार होता, ओळख मी करून द्यायची होती. अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानावर चाल चालवतो तो क्वार्टरबॅक, आणि आमच्या क्लबचे पहिले कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक म्हणजे कोच. मी लिहिलं होतं, "स्वतःच्या चाली ते एका निळ्या वहीत रचायचे." अध्यक्षांनी ते खोडून वर लिहिलं, "जन्मजात वेगवान पाय." म्हणाले, "लोकांना हेच आवडतं, डिअर."

आणि मी मान डोलावली! घरची सवय, मोठ्यांनी दुरुस्त केलं की गप्प बसायचं. घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि स्टेजवर वाचलं काय, तर पाय.

टाळ्या पडल्या तरी कोच हसले नाहीत. नंतर म्हणाले, "काळा म्हणून तरुणपणीही हेच ऐकलं. पाय तुझे, डोकं दुसऱ्याचं. म्हणून तर ती वही ठेवली." मग विचारलं, "तुला वहीचं माहीत होतं ना?"

"हो."

"मग?"



उद्या सरावाला सगळे असतील, अध्यक्षही. खोडलेलं वाक्य मोठ्याने वाचणार आहे. कागद बॅगेत ठेवलाय. पुन्हा मान डोलावणार नाही ना मी?