खुंटीवरचा शर्ट

अहो,

तुम्ही गेलात तिथं टपाल पोहोचत नाही, हे मलाही कळतं. पण दुसऱ्या कुणाला सांगू?

तुमच्या दगड कापायच्या कारखान्यातल्या कामगारांच्या छातीच्या दुखण्याचा अभ्यास करणारे डॉक्टर पुन्हा आले होते. तुलनेसाठी त्यांना धुळीत कधीच काम न केलेली माणसं हवी होती. मी ऐटीत म्हटलं, "घ्या मला! मी कारखान्याची पायरीसुद्धा चढलेली नाही."

त्यांच्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझा एक्स-रे तुमच्या जुन्या एक्स-रेशेजारी धरला. अगदी तुमच्यासारखेच ठिपके.

"घरी त्यांचे कपडे कोण धुवायचं?"

"कोण म्हणजे? त्यांना काय चार बायका होत्या?"

शेजारणीची धुणी खराब व्हायला नकोत म्हणून तुमचे कपडे मी रोज दार लावून आतच झटकायची. तेही सांगितलं.

"त्यांचे कामाचे कपडे उरले असतील तर टाकून द्या."

मी हो म्हटलं.

तुमचा शेवटचा शर्ट अजून खुंटीवर आहे, न धुतलेला. संध्याकाळ झाली की हात सवयीनं तिकडे जातो. पण झटकत नाही. तेवढीच धूळ उरलीय तुमची.

तुमची,
घरची