प्रतीक्षाचा गुडघा

मंगळवार, संध्याकाळ. बेंबळी.

आज खो-खोच्या सरावात प्रतीक्षानं खांबाजवळ सूर मारला आणि उठलीच नाही. गुडघा आठ दिवसांपासून दुखत होता म्हणे. मी रोज विचारायचो, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "व्हय, सर." मग मी विचारत होतो ते काय?

चिडून म्हणालो, "सांगितलं का न्हाईस?"

"मागं सारिकानं पाय दुखतो म्हणल्यावर तुमी तिला संघातनं काढलं, सर."

काढलं होतं. सगळ्यांसमोर, "नाटकं घरी कर" म्हणून. मी विसरलो होतो.

प्रतीक्षाला तिची आई घेऊन गेली. तो सुजलेला गुडघा डोळ्यांसमोरून जात नाही. नंतर बाकीच्या पोरींना जवळ बसवून हळू विचारलं, "कुणाला काही दुखतंय का?"

सगळ्या एकदम म्हणाल्या, "न्हाय, सर."