अतिदुर्मिळ वस्तूंचं वाटप

८ जानेवारी, मंगळवार
माझ्या गावी, शबॉयगनला, परत येऊन चार महिने. कॉलेज मी सोडलं, कॉलेजने मला नाही. प्रोफेसरला तोंडावर बोललो ते बरोबरच होतं. सध्या टायरच्या दुकानात. हाताला रबराचा वास. बाकी काही वाटत नाही.
आजपासून मंगळवारचा खेळ मी चालवणार. व्हर्नाचं खेळांचं दुकान, मागचं टेबल. बाकीचे आपापलं पात्र घेऊन फासे टाकणार. गुहा, राक्षस आणि खजिना माझ्या हातात. संकल्प: खजिना नियमानेच द्यायचा. जादूच्या वस्तूंचे दर्जे पाच: साधी, बरी, दुर्मिळ, अतिदुर्मिळ, आणि सर्वांत वर दंतकथेतली. नवख्या पात्राला साधी किंवा बरी. पक्षपात नाही.
मॅरन आली होती. दातांच्या दवाखान्यात फोन घेते. खेळात ती चोर आहे. शुक्रवारी माझ्याबरोबर फिश फ्रायला, म्हणजे तळलेल्या माशांच्या जेवणाला, येतेस का, असं तिला विचारायचं आहे. घाई नाही.

१५ जानेवारी
मॅरनच्या चोराला दुर्मिळ खंजीर. फाशानेच दिला. पहिल्या दोन वेळा फासा पुस्तकाला आपटून वाकडा पडला. ते धरायचे नसतात. तिसऱ्यांदा सरळ पडला.
ती चक्क किंचाळली. माझा दंड धरला. डावा.
विचारणार होतो, तेवढ्यात गॉर्डी मध्ये. गॉर्डी म्हणजे पन्नाशीचा इलेक्ट्रिशियन, खेळात शूर सरदार. म्हणाला, पोरा, मला काय मिळालं? सांगितलं, दोरी. जादूची का, म्हणाला. म्हणालो, लांब आहे.

२२ जानेवारी
मॅरनला उडणारा झगा. अतिदुर्मिळ. कुलूप तिनेच उघडलं, म्हणजे हक्काचा. ती म्हणाली, वा, छान. आणि लिहून घेतलं. सर्दी झाली असेल.
गॉर्डीने नियमांचं पुस्तक उघडून पुढ्यात धरलं. पात्र अकराव्या पातळीला पोचण्याआधी हे देत नाहीत म्हणे, आणि आपली पात्रं चौथ्या. मी म्हणालो, पुस्तक सुचवतं, हुकूम सोडत नाही. तो म्हणाला, मग माझ्या दोरीलाही काहीतरी सुचव की.

२५ जानेवारी, शुक्रवार
फिश फ्रायला एकटाच. दोघांचं टेबल घेतलं, अंदाज यावा म्हणून. मासा चांगला होता. असावा.

२९ जानेवारी
बाहेर उणे पंचवीस. आज मॅरनला दंतकथेतली अंगठी. तीन इच्छा पूर्ण करणारी. योजना अशी: तिसरी इच्छा काय मागू म्हणून ती विचारात पडेल, माझ्याकडे बघेल, तेव्हा शुक्रवारचं विचारायचं.
पहिली इच्छा: ड्रॅगन मरावा. त्या ड्रॅगनवर मी तीन आठवडे घातले होते. एका वाक्यात मेला. दुसरी: त्याचं सगळं सोनं. मग ती म्हणाली, आता काय मागू रे, उरलंच काय? मी म्हणालो, नीट विचार कर. तिने फोन बघितला. मग म्हणाली, गॉर्डीला एक घोडा दे.
दिला.

५ फेब्रुवारी
गॉर्डीशी वाजलं. मॅरन बाहेर कॉफी घ्यायला गेली तेव्हा म्हणाला, अरे गाढवा, तू तिला आवडावास म्हणून अख्खं राज्य तिच्या पदरात ओतलंस. आता ती बिचारी खेळणार कशासाठी? मी पुस्तक फेकून मारलं. त्याला नाही, रेडिएटरला. व्हर्ना म्हणाली, बाळा, ते पुस्तक दुकानाचं आहे.
मॅरन परत आली. रागात होतो, त्या भरातच विचारून टाकलं. ती म्हणाली, शुक्रवारी बहीण येतेय. म्हणजे नाही म्हणाली नाही.

१२ फेब्रुवारी
मॅरन नाही. काम आहे असा निरोप. गॉर्डी चीजचे गोळे घेऊन आला होता. दोघेच खेळलो. त्याने एकट्याने आठ राक्षस मारले. काही दिलं नाही. नियम म्हणजे नियम.

१९ फेब्रुवारी
कोणीच नाही. मॅरनसाठी जादूच्या वस्तूंची सहा कार्डं करून नेली होती. सहाही दंतकथेतल्या. नऊ वाजेपर्यंत बसलो. राग यायला हवा होता. आला नाही.

७ मार्च, गुरुवार
व्हर्नाच्या दुकानावरून जात होतो, म्हणजे मुद्दाम नव्हे. गुरुवारी व्हर्ना स्वतः खेळ चालवते. पूर्वी शाळेत ग्रंथपाल होती. खजिन्यातलं सहजी काही देत नाही. दार उघडलं. तिच्या टेबलावर मॅरन. शेजारी गॉर्डी. दोघांची नवी पात्रं, पहिल्या पातळीची. चार आठवडे खेळतायत म्हणे, आणि आज पहिली वस्तू मिळाली. कंदील. वाऱ्यात विझत नाही, बस. साधी. सर्वांत खालचा दर्जा.
मॅरन खुर्चीवर उभी राहून तो नसलेला कंदील हातात धरून सगळ्यांना दाखवत होती. गॉर्डी डोळ्यांवर हात धरून म्हणत होता, बाजूला घे बाई, आंधळा होईन.
तिने मला बघितलं. म्हणाली, एलिस, बरा आलास! तुला नियम पाठ आहेत. याला तेल लागतं का रे?
नाही लागत, म्हणालो.
नक्की?
नक्की.
ती वळून ओरडली, नाही लागत म्हणे! फासे पुन्हा पडायला लागले. मी तिथेच उभा. गॉर्डी मान न वळवता म्हणाला, पोरा, दार लाव, थंडी येतेय आत.
लावलं. बाहेरून.