रुखमाबाईंनी सुनेला लावलेलं पथ्य

वडसा, ४ जानेवारी १९९९

ती. गोपालदादास, धाकट्या उर्वशीचा नमस्कार.

झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम, घर नाटकं पाहायला आलेल्या पाहुण्यांनी भरलेलं. हातांवरचा इसब पुन्हा उसळलाय. सासूबाईंनी माझं दूध, अंडी, वांगी बंद केली. मग प्रत्येक पाहुण्याने आपापल्या परीने एकेक पदार्थ बंद केला. मासोळीचा रस्सा मात्र कोणी बंद केला नाही. सासूबाई म्हणतात, होळीनंतर माहेरी जा, बरी झालीस की ये. शेजारची सून अशीच गेली होती, तीन वर्षं झाली, अजून बरी व्हायची आहे. मला फार भीती वाटते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
उर्वशी

माजरी, ११ जानेवारी

चि. उर्वशीस दादाचे आशीर्वाद.

चंद्रपूरच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना भेटलो. इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे रुखमाबाईंना मोठ्याने वाचून दाखव. सुक्या किंवा शिळ्या मासोळीत हिस्टामिन नावाचं द्रव्य साठतं, उकळूनही जात नाही. काहींची खाज त्याने वाढू शकते, सगळ्यांची नाही. म्हणून पंधरा दिवस वहीत लिही: काय खाल्लं, कधी रांधलेलं, खाज किती. मलम सोडू नकोस.

आम्हाला विसरू नकोस.
गोपाल

वडसा, ९ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार.

वही लिहिली. बारा पाहुणे असले की वीस जणांचा मासोळीचा रस्सा शिजतो, कमी पडला तर घराची नाचक्की. उरलेला दुसऱ्या दिवशी सुनेचा. पथ्यात तो चालत होता. सहा दिवस कालची मासोळी खाल्ली, सहाही दिवस खाजवून जीव गेला. ताज्या वरणभाताच्या दिवशी हात बरे.

सासूबाई म्हणाल्या, वहीत घराची बदनामी लिहिली. मामंजींनी, म्हणजे गुणवंतरावांनी, ती दोनदा वाचली आणि कालच्या रश्शात काही वाईट नसतं हे दाखवायला तोच वाढून घेतला. पहिल्याच घासाला थांबले. विचारलं, "हे रोज असंच लागते काय?" मी म्हटलं, दोन वर्षांपासून असंच लागते. त्यांनी ताट सारलं आणि सासूबाईंना म्हणाले, "आजपासून इले आपल्या संगंच वाढत जा. पुरते तेवढंच रांधा."

इसब गेलेला नाही, पण खाज पुष्कळ उतरली. माहेरी पाठवायचं आता कोणी बोलत नाही. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, माझ्या पथ्याने सुनेला गुण आला. मी आणखी गरम भात वाढून घेते.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी उर्वशी