शंभराला दोन उरतात

माय, साताला पण नियम हाय. तू न्हाय म्हणली होतीस. भाकरी थापता थापता तू मला दोनाचा, पाचाचा, तिनाचा, नवाचा, सगळे सांगितलेस, अन् साताजवळ आलीस की हाताचं पीठ परातीत झटकून म्हणायचीस, "सात लई खोडील गं. त्याला भागूनच बघावं लागतंय." तवा मी पाचवीत होते. त्याच साली तू गेलीस. आता मी सतराची हाय अन् मला तो नियम गावलाय. घरात सांगायला गेलं तर म्हणतील, ही काय बडबडायली. म्हणून तुला लिहायले.

तुझे हात अजून दिसतेत मला. चुलीपुढं बसलीयस, तव्यावर भाकरी हाय, अन् पिठानं पांढरी झालेली दहाबी बोटं तू माझ्यापुढं धरतीस. "नऊ चोक किती?" तू चौथं बोट मोडतीस. अलीकडं तीन बोटं, पलीकडं सहा. छत्तीस. "आता तीन अन् सहा?" नऊ. "नवाच्या पाढ्यात कुठंबी जा, आकड्यांची बेरीज नवावरच येती. लेक कुठंबी नांदायला गेली तरी माहेरचा तोंडवळा जात न्हाय, तसं हाय ते." तवर भाकरी करपली होती. दादांनी ती गपगुमान खाल्ली. अन् एकदा लोहाऱ्याच्या स्टँडवर आपण माकणीच्या गाडीची वाट बघत होतो. एक जीप येऊन थांबली. तू नंबरपट्टीकडं बोट केलंस, ४७२५. "तिनानं जाती का?" मी मनात बेरीज केली, अठरा, अन् तोंडातल्या तोंडात व्हय म्हणले. तू रागावलीस. "मोठ्यानं सांग की. भागाकार काय चोरून आणलाय व्हय?" ड्रायव्हरनं ऐकलं. "ताई, ही तिनानं न्हाय जात, डिझेलवर जाती." सगळी जीप हसली, तू बी हसलीस, अन् मी तुझ्या पदरामागं गेले.

तू गेल्यावर पदर बी न्हवता. नववीत सरांनी फळ्यावर १११ लिहून विचारलं, ही मूळ संख्या हाय का? मला येत होतं. एक, एक अन् एक तीन, म्हणजे तिनानं भाग जातोय, मूळ कशाची? मी हात वर केला. उभी राहिले अन् आवाजच निघाला न्हाय. सर म्हणले, "मोठ्यानं." परत म्हणले, "अगं, मोठ्यानं." मागल्या बाकावरून कुणीतरी उंदरावानी चिरकलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी शाळेत गेलेच न्हाय. दादांना म्हणले, घरचं कोण बघणार. बाप असून त्यांनी काय इचारलं न्हाय, मला बी बरंच वाटलं.

आता मी धरणाकडच्या रोपवाटिकेत जाते. टमाट्याची, मिरचीची रोपं असतेत. ट्रे काळा, त्याला सात-सात भोकांच्या चौदा ओळी, म्हणजे अठ्ठ्याण्णव भोकं. एका भोकात एक बी. मी शंभर-शंभर बिया मोजून वाटीत घेते. शंभराला एक ट्रे भरतोय अन् दोन बिया हातात उरतात. दोनशेला चार उरतात, तीनशेला सहा. लई दिवस हे हातानंच करत होते. मग एक दिवस डोक्यात आलं की ट्रे सगळा सातांचाच हाय, म्हणजे ट्रेतल्या बिया साताला जाणारच. बघायचं ते उरलेल्यांचं. कुठलाबी आकडा घे, माय. शेकडे किती ते बघ, त्याची दुप्पट कर, अन् मागल्या दोन आकड्यांत मिळव. ३५७ घे. तिनाची दुप्पट सहा, सत्तावन्न अन् सहा त्रेसष्ट, सात नव्वं त्रेसष्ट. गेला. मी ट्रेच्या कडंवर बोटानं लिहून किती आकडे बघितले काय म्हाईत, एकबी चुकला न्हाय. माझं मलाच हसू आलं. शेजारी एक मावशी बसायच्या, मेलेली रोपं काढून त्या जागी नवी लावायचं काम त्यांचं. त्या म्हणल्या, "काय गं, येडी झालीस का? कोण दिसलं?" मी म्हणले, "काय न्हाय, मावशी." तिथं माझ्यासंगं बोलणाऱ्या त्या एकट्याच. डब्यातली शेंगाची चटणी माझ्या भाकरीवर ठिवायच्या अन् म्हणायच्या, "खा, न्हायतर आवाज कुठनं येणार."

मागल्या महिन्यात तिथं नवे साहेब आले, शहरातले. त्या दिवशी तीन शेतकऱ्यांच्या तीन गाड्या भरल्या. ट्रे उचलून देणाऱ्या आबांनी दर गाडीत पहिला ट्रे ठिवताना "लाभ" म्हणलं. आपल्याकडं मोजताना पहिल्याला एक कोण म्हणतंय? लाभ, मग दोन, मग तीन. साहेबांना ते म्हाईत न्हवतं. त्यांना वाटलं म्हातारा देवाचं नाव घेतोय, अन् त्यांनी दुसऱ्या ट्रेपासून एक मोजायला सुरू केलं. सांजच्याला त्यांनी फोनमधला पेरणीचा हिशेब गेलेल्या अन् उरलेल्या ट्रेंशी ताडून बघितला अन् सगळ्यांपुढं म्हणाले, "दोनशे चौऱ्याण्णव रोपं कमी आहेत. मावशी, तुम्हाला नीट दिसतं का? चांगली रोपं उपटून फेकलीत तुम्ही." मावशी उठून उभ्या राहिल्या. "साहेब, पिवळं पडलेलं तेवढंच काढलंय म्या. जितं अन् मेलेलं मला अजून कळतंय." साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मावशींनी एकेकीकडं बघितलं. माझ्याकडं जरा जास्तच येळ बघितलं. मग डबा उचलला अन् गेल्या.

चौथ्या दिवशी मी साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. म्हणले, "साहेब, लाभ म्हणजेच एक." ते म्हणाले, "काय?" मी परत म्हणले, जरा मोठ्यानं. "लाभ म्हणजेच एक असतंय. तुम्ही त्याच्या पुढच्याला एक म्हणलात. दोनशे चौऱ्याण्णव म्हणजे बरोबर तीन ट्रे. तीन गाड्या, तीन लाभ. मावशींनी उपटली असती तर नेमकी साताला जातील एवढीच कशाला उपटतील?" साहेबांनी तिन्ही शेतकऱ्यांना फोन लावला. तिघांकडंबी एक ट्रे जास्त. एक जण तर म्हणला, "वरकड दिलाव वाटलं की आमाला." साहेबांचं तोंड उतरलं. म्हणाले, मावशींना बोलवून आण.

मी चालतच गेले. मावशी दारात लसूण सोलत होत्या. सगळं सांगितलं. त्या म्हणल्या, "आता न्हाय गं. सास्तूरकडं कांद्याच्या खुरपणीला जाते. तिथल्या बायांना जबान दिली." मग हातातली पाकळी तशीच धरून इचारलं, "त्या दिवशीच का न्हाय बोललीस?" मी म्हणले, "घरी गेल्यावर कळलं, मावशी. भागून बघितलं तवा." त्या म्हणल्या, "असंल बाई. लेकरूच हायस तू. कळायला येळ लागतोय." अन् मूठभर लसूण माझ्या ओढणीत बांधून दिला.

आता रोपवाटिकेत माझ्या शेजारी कुणी बसत न्हाय. जेवणाच्या सुट्टीत मी ट्रेकडं तोंड करून खाते. नियम काय, तो अजून कुणालाच सांगितला न्हाय, तुलाच पहिल्यांदा. हे वहीतच ऱ्हाईल. मावशींना वाचता येत न्हाय, अन् येत असतं तरी हे त्यांना दावलं नसतं. कारण मी त्यांना खोटं सांगितलं, माय. घरी गेल्यावर न्हाय कळलं. साहेबांच्या तोंडून आकडा निघाला तवाच दोनाची दुप्पट चार, चौऱ्याण्णव अन् चार अठ्ठ्याण्णव, दोनशेचे दोन ट्रे अन् हा तिसरा, तीन लाभ, हे माझ्या डोक्यात होऊन गेलं होतं. मावशी माझ्याकडं बघत होत्या तवा मला सगळं म्हाईत होतं.