लायनक्सला दिलेला पहिला वाटा

७८६
भोर, शनिवार, १३ डिसेंबर २००३

चिरंजीव वाजिदमियाँ यांस इब्राहीमभाईचा सलाम आणि तुझ्या थोरल्या बहिणीची, बानोची भरभरून दुवा.

इकडे सगळं ठीक. बानोचे गुडघे थंडीनं कुरकुरतात, पण बोलण्याचा वेग कमी झालेला नाही, त्यावरून प्रकृती उत्तम समजावी. तुझं पित्त कसं आहे? सकाळचा दुसरा चहा सोडलास का? (सोडला नसशील. तुमच्या घराण्यात सल्ला फक्त द्यायचा असतो.) दुकान जोरात आहे. गव्हाची भरणी सुरू झाली की भोरपासून वेल्ह्यापर्यंतचे सगळे पंप एकाच आठवड्यात जळतात, आणि अल्लाच्या कृपेनं त्यांच्या कॉईल भरायला ते माझ्याकडेच येतात.

आता कॉम्प्युटरचं सांगतो. ईदनंतरच्या रविवारी आमच्या अम्रीनच्या साखरपुड्यात तू ऑफिसच्या कॅमेऱ्यानं एकशेचाळीस फोटो काढलेस, संध्याकाळी ते आमच्या कॉम्प्युटरात उतरवलेस, आणि कॅमेरा परत द्यायचा म्हणून पुसून नेलास. म्हणजे ते फोटो साऱ्या दुनियेत एकाच जागी होते, आणि ती जागा माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत होती. तिकडे महाडला होणाऱ्या जावयाच्या, एहसानच्या दादी त्यांची वाट बघत होत्या. पाय मुरगळल्यामुळे त्यांना घाट चढून येता आलं नाही. अंगठी घालायचा मान नवऱ्या मुलाकडच्या सर्वांत थोरल्या बाईचा, तो त्यांना सुनेच्या हाती द्यावा लागला. निदान होणाऱ्या नातसुनेचे फोटो तरी दाखवा, एवढंच त्यांचं मागणं. पंधरा दिवसांत फोटो पोचवतो, असा शब्द मी व्याह्यांना दिला होता.

साखरपुड्याच्याच दिवशी आपल्या जावईबापूंनी मला लायनक्सच्या तीन सीड्या दिल्या. आमच्या मशिनीला व्हायरस लागला होता (अम्रीन टायपिंगवाल्याकडून फ्लॉप्या आणते, त्या तालुकाभर फिरून आलेल्या असतात), त्यावर हा उतारा. फुकट आहे, आणि जुन्या विंडोजशेजारी सुखानं नांदतो. एहसान म्हणाला, मी आलो की टाकून देईन, तोवर हात लावू नका. आता सातवी नापास होऊन पुण्यात भवानी पेठेत कॉईल भरत भरत जो माणूस स्वतःच्या दुकानाचा मालक झाला, त्याला व्याह्यांसमोर ‘हात लावू नका’ म्हणणं बरं का? मी म्हटलं, बापू, विहिरीत बुडालेल्या मोटारी मी जिवंत केल्यात, हे तर टेबलावर कोरडं बसलंय.

गेल्या आठवड्यातल्या शुक्रवारी नमाजानंतर दुकान बंद करून बसलो. अम्रीन कॉलेजात होती. सोबतीला पासलीचे कोंडिबा होते. पंप न्यायला आले आणि एसटीला वेळ म्हणून टेकले. त्यांना तू ओळखत नाहीस. त्या डोंगरपट्ट्यात भावाभावांच्या वाटण्या तेच करतात. चाळीसेक केल्या असतील, एकही कोर्टात गेलेली नाही.

सीडीनं सुरुवातीला त्रास दिला नाही (तिसरी सीडी आधी घातली होती, तो अर्धा तास धरत नाही). मग पडद्यावर प्रश्न आला. डिक्शनरी घेऊन लावला, तर मतलब असा, की डिस्कची वाटणी कशी करायची? आपोआप करू का तुम्ही करता? मी कोंडिबांकडे बघितलं, कोंडिबांनी टोपी सारखी केली आणि खुर्ची पुढं ओढली. वीस जीबीची जमीन, थोरली विंडोज, धाकटं लायनक्स. दोन सारखे वाटे पाडले. यंत्रानं आणखी एक छोटा तुकडा मागितला, त्याचं नाव स्वॅप. कोंडिबा म्हणाले, ती विहिरीची सामाईक जागा, ती ठेवावीच लागते. तिथवर त्यांचं बोलणं इतकं बरोबर होतं, की पुढंही मी विश्वासानं चाललो. कुठला वाटा कुणाला, असं आलं तेव्हा मी पहिला विंडोजला देत होतो. त्यांनी माझा हात धरला.

“न्हाई इब्राहीमभाई. वाटं थोरल्यानं पाडायचं, उचलायचं धाकट्यानं आदी. थोरल्याला आदी दिलं की भांडान लागतंच.”

रीत मलाही माहीत होती. पहिला वाटा लायनक्सला दिला, दुसरा विंडोजला. यंत्रानं विचारलं, नक्की ना? मग पुन्हा विचारलं. मी जरा थबकलो.

“इचारणारच,” कोंडिबा म्हणाले. “तलाठी बी दोनदा इचारतो.”

मी बटण दाबलं. डिस्क आतून बारीक कुरकुरायला लागली, नव्या बेअरिंगसारखी, एकसारखी आणि गोड. तासभर तो आवाज ऐकत आम्ही दोघं चहा प्यालो. इतका समाधानाचा तास मी त्या खोलीत घालवलेला नाही. कोंडिबा पंप घेऊन एसटीला गेले.

पुढं काळ्या पडद्यावर नाव विचारलं, दिलं. पासवर्ड विचारला, तर टाइप करावं आणि पडद्यावर काही उमटूच नये. कीबोर्ड मेला म्हणून मी तो उलटा करून खोलला, एकेक बटण पेट्रोलनं धुतलं आणि वाळत घातलं. (बानो म्हणाली, सांडगे घातल्यासारखे दिसतात.) परत जोडला, तरी तेच. पासवर्ड मुद्दाम दाखवत नाहीत, हे मला नंतर कळलं. शेवटी चित्राचा पडदा सुरू करायला गेलो, तर मॉनिटर किंचाळला. तुला ऐकू आलं नसतं, पण एक फेज गेलेली मोटार जसं रडते, तसा आवाज. मी एका उडीत प्लग उपटला आणि एहसानला फोन लावला. तो म्हणाला, अब्बा, तुमच्या कानांनी मॉनिटर वाचवला, त्याला न झेपणारा वेग दिला होता. तो सांगत गेला, मी करत गेलो, आणि पडदा उजळला. मी फोनवरच छाती फुगवली. मग त्यानं सहज विचारलं, विंडोजला कुठला भाग दिलात? मी रीतसर सगळं सांगितलं.

“अब्बा,” तो हळूच म्हणाला, “विंडोज पहिल्याच भागात राहत होती. तिचं घर पाडून तिथं लायनक्स बसलं.”

म्हणजे थोरलीला तिच्याच चुलीवरून उठवून मी रिकाम्या माळावर पाठवलं होतं, आणि तिच्यासोबत एकशेचाळीस फोटोंचा साखरपुडाही गेला. अम्रीन कॉलेजातून आली, ऐकलं, आणि सरळ आत ओढण्यांच्या घड्या घालायला गेली. बानो मात्र बोलली. ते इथं लिहीत नाही, तुझ्या बहिणीची अब्रू ती आपली अब्रू.

दुसऱ्या दिवशी, व्याह्यांना काय सांगायचं ते कागदावर लिहून घेऊन, महाडला फोन लावला. फोन दादींनीच हिसकावून घेतला. सगळं ऐकून घेतलं.

“पुसलं तर पुसलं. मला तरी कुठं कागदावरची पोरगी बघायची होती?” त्या म्हणाल्या. “पाय बरा झालाय. रविवारी एकवीस तारखेला मी येते. अंगठी काढून ठेवा, मीच घालीन.”

तर असं आहे. लायनक्स मस्त चाललंय, व्हायरसचं नाव नाही. तब्येतीला जप.

तुझा भाऊजी,
इब्राहीम

ता. क. : एकवीसला सकाळी कॅमेरा घेऊन ये. साहेबांच्या हातापाया पड, पण आण. आणि फोटो काढताना माणसांची डोकी आत घे.

ता. क. दुसरा : काल मी मोटारीला वार्निश लावत होतो, तेव्हा भिंतीपलीकडून अम्रीन आईला सांगताना ऐकू आली. साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं फोटो फ्लॉप्यांवर उतरवले होते. बारा फ्लॉप्या, एकीत दोन, एकूण चोवीस (डोकी असलेले तेवढेच). ओढण्यांच्या खाली ठेवलेत. म्हणाली, “अम्मी, अब्बांना सांगू नको. फोटो सापडले म्हटलं तर दादी निघायच्या नाहीत.” बानो म्हणाली, नाही सांगत, तुझे अब्बा चार दिवस गप्प तरी बसतील. तेव्हापासून मी घरात तोंड पाडून वावरतोय आणि माझी समजूत काढायला केलेली शेवयांची खीर दोन वेळा खाल्ली. तू आलास की सगळ्यांसमोर माझ्यासाठी जरा हळहळ, एवढंच काम आहे.